अठ्ठावीस तारा

ताई गेल्यावर वर्षभर मी भावोजींशी धड बोलले नाही. त्यांच्या घरी जायचे, जेवणाचा डबा ठेवायचे, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या का ते बघायचे, पण बोलायचे ते भिंतीशी. "डबा ओट्यावर ठेवलाय, गरम करून घ्यावा," असं मी भिंतीला सांगायचे आणि भावोजी भिंतीच्या वतीने "बरं" म्हणायचे. आता राग उतरला आहे. पूर्ण नाही, कारण माझा राग पूर्ण उतरला तर घरचे डॉक्टरला बोलावतील. पण त्या माणसाबद्दल सरळ लिहिता येईल इतका उतरला आहे.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वीज कंपनीच्या मीटर-तपासणी खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. मी एकदा ती खोली पाहिली होती. घराघरांतून काढून आणलेले मीटर लाकडी फळीवर ओळीने टांगलेले, मधोमध एक प्रमाण मीटर, आणि भावोजी हातात घड्याळ धरून चकत्यांचे फेरे मोजताहेत. जो मीटर चुकत असेल त्याच्या पोटातला स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा मोजायचं, मग शिशाचं सील ठोकायचं. दिवसभर तेच. मला तर दहा मिनिटांत जांभया यायला लागल्या. भावोजी मात्र रंगून गेले होते. "माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या तोंडून ते मी इतक्या वेळा ऐकलं आहे की पुढे पुढे त्यांनी तोंड उघडलं की मीच ते म्हणून टाकायचे.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा चहाचा कप हातात घेण्याआधी त्यांची नजर दारावरच्या मीटरकडे गेली. थोडा वेळ बघून ते वडिलांना म्हणाले, "तुमचा मीटर दोन टक्के हळू फिरतोय." वडील म्हणाले, "मग फिरू द्या की!" ताई आत तोंडात पदर कोंबून हसत होती. लग्न तिथेच ठरलं असं मी अजूनही मानते.

माणूस वाईट नव्हता. ताईला कधी वर आवाज करून बोलले नाहीत, फक्त ते एकदा सोडून, आणि त्या एकदाबद्दलच मला सांगायचं आहे. पण हट्टी होते. ताई तापाने फणफणलेली असली तरी थर्मामीटरने सांगितल्याशिवाय तिला ताप आलाय हे त्यांना पटायचं नाही. मी म्हणायचे, "अहो, कपाळाला हात तरी लावून बघा." ते म्हणायचे, "हाताला आकडे नसतात."

अशा माणसाला रेडिओचं वेड लागावं यात नवल नाही. गावात एक म्हातारे गृहस्थ होते, जन्मभर बोटींवर बिनतारी संदेशांचं काम केलेले. सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे, जरी बोट त्यांनी कधी चालवली नव्हती. त्यांच्या नादाने भावोजींनी परीक्षा दिली, परवाना काढला आणि हॅम झाले. हॅम म्हणजे घरी स्वतःचा संच ठेवून हवेतून जगभर बोलणारी हौशी मंडळी. स्वयंपाकघराशेजारच्या अडगळीच्या खोलीत संच बसला आणि मागच्या अंगणात अँटेना उभा राहिला. दहा मीटर उंच, सरळसोट ॲल्युमिनियमची नळी, घराच्या छपराच्याही वर गेलेली. ताईने पहिल्याच दिवशी तिच्या बुंध्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि पहिल्याच दिवशी ती सोडावीही लागली.

या उभ्या अँटेनाची एक गंमत आहे, जी मला तेव्हा कळली नव्हती आणि आता विसरता येत नाही. दिसतो तो अँटेना अर्धाच असतो. उरलेलं अर्धं काम जमिनीने करायचं असतं. जमीन कोरडी, मुरमाड असली तर ती ते करत नाही. वर पाठवायची ताकद ती स्वतःच गिळते आणि नुसती कोमट होते. म्हणून बुंध्यापासून चहूकडे, सायकलच्या चाकाला आऱ्या असतात तशा, तांब्याच्या तारा पसरायच्या. हॅम त्यांना रेडियल म्हणतात. जितक्या जास्त, तितकी कमी ताकद मातीत जाते. आमच्या भावोजींनी चार घातल्या होत्या. चार तारा घालून त्यांनी मीटर लावला. पाठवलेल्यातलं किती अँटेनाकडून परत येतंय ते हा मीटर सांगतो. काटा अगदी तळाशी. परत काहीच येत नव्हतं. भावोजी खूश. परत येत नाही म्हणजे सगळं आकाशात गेलं, असा त्यांचा हिशेब.

त्यांच्या मुलाला, माझ्या भाच्याला, आम्ही ढब्बू म्हणतो. तान्हेपणी गोल होता म्हणून. पुढे काडीसारखा झाला तरी नाव चिकटलं ते चिकटलं. बापाच्या मांडीवर बसून तोही रेडिओ शिकला, त्यालाही परवाना मिळाला. भावोजींनी त्याच्यासाठी मीटर खोलीतच नोकरी बोलून ठेवली होती. ढब्बूने परस्पर हवामान खात्यात अर्ज केला आणि भर समुद्रातल्या एका बेटावरच्या केंद्रात दोन वर्षांची नेमणूक घेतली. बोट सहा महिन्यांनी एकदा. टपाल तेव्हाच. मोबाईल यायच्या आधीची ही गोष्ट. घरात आठ दिवस हूं की चूं नाही, आणि नवव्या दिवशी बाप-लेक असे भांडले की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. खरं तर ऐकायला उघडल्या असत्या तर त्यांची सोय झाली असती.

तो निघाला त्या सकाळी भावोजी कामावर निघून गेले. मी होते. ढब्बू बॅग घेऊन दारात उभा राहिला, "आई, येतो गं" म्हणून तीनदा हाक मारली. ताई बाहेर आली नाही. न्हाणीघरातून नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. तो माझ्या पाया पडला, न्हाणीघराच्या दाराकडे एकदा बघून म्हणाला, "मावशी, रागावलीय ना?" आणि गेला.

मी न्हाणीघराचं दार ढकललं. ताई बादलीच्या कडेला बसून रडत होती. नळ पुरा सोडलेला. "त्याला ऐकू जाईल गं," ती म्हणाली. "रडताना बघितलं तर जायचा नाही तो. आणि गेलाच नाही तर जन्मभर मीटरच्या खोलीत बसेल." मी धावत रस्त्यापर्यंत गेले. रिक्षा वळली होती.

बेटावर पोचल्यावर ढब्बूने तिथल्या केंद्रात फावल्या वेळात आपला छोटा संच जोडला. दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला तो बोलायचा असं ठरलं. त्याचा अँटेना समुद्राच्या अगदी कडेला होता, आणि खाऱ्या पाण्यासारखी चांगली जमीन नाही असं कॅप्टन म्हणतात. पहिल्याच रविवारी त्याचा आवाज असा आला की ताईने खोलीभर त्याला शोधलं. "आई, ऐकू येतंय का? ओव्हर." ताई माइकवर ओणवी होऊन ओरडली, "येतंय रे! येतंय!" भावोजींनी तिला बटण दाबून धरायला शिकवलं. ती पुन्हा ओरडली. पलीकडून, "काहीच ऐकू येत नाहीये. पुन्हा सांगा. ओव्हर."

असं चार महिने चाललं. आम्हाला त्याचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. त्याला आमची नुसती खरखर. ऐकायला मातीचा फारसा अडथळा होत नाही, बोलायला होतो. मधल्या कुठल्या तरी देशातल्या एका अनोळखी हॅमने दोघांचं ऐकलं आणि ढब्बूला एवढं कळवलं की घरी तुझा आवाज पोचतो, सगळे बरे आहेत. तेव्हापासून तो बिचारा न ऐकताच बोलायचा. बेटावरचे पक्षी, डबाबंद भाज्या, केंद्रप्रमुखाचं घोरणं. आणि शेवटी दर रविवारी एकच: "आई, अजून रागावलीस का गं?"

ताई दर रविवारी बटण दाबून सांगायची, "नाही रे राजा. मुळीच नाही."

मी तिला म्हटलं, त्या परदेशी माणसाकरवी निरोप सांगू. ती म्हणाली, "परक्याच्या तोंडून कशाला? मीच सांगीन." मी म्हटलं, पत्र लिहून ठेव, बोटीने जाईल. तिने चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. "कागदावर कसं कळणार त्याला? आवाज ऐकल्याशिवाय पटायचं नाही." बापाचा मुलगा होता, तिचं काही चुकलं नव्हतं.

एका रविवारी ढब्बू म्हणाला, "बाबा, जमिनीतल्या तारा वाढवा. चारने भागणार नाही. तीसेक तरी घाला. फार खोल नको, बोटभर पुरे." ताईने ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. भावोजी म्हणाले, "काटा तळाशी आहे. आपल्याकडे दोष नाही. त्याच्याच संचात काहीतरी असेल." ताई म्हणाली, "घालून तर बघा." भावोजी म्हणाले, "ज्यात दोष नाही ते दुरुस्त करायला गेलं की बिघडतं." तीस वर्षांची नोकरी बोलत होती.

ताईने मग वाद घातला नाही. अडगळीत पंपांच्या जळालेल्या मोटारींची गुंडाळी पडली होती, त्यांची तार तिने उलगडायला घेतली. भावोजी सकाळी नऊला गेले की ही अंगणात. कपड्यांच्या दोरीने माप घ्यायची, म्हणजे सगळ्या तारा सारख्या. जुन्या सुरीने जमिनीला फट पाडायची, तार आत सारायची, पायाने माती दाबायची. डॉक्टरांनी तिला वाकायचं नाही, दम लागेल असं काही करायचं नाही म्हणून बजावलं होतं. मला ते माहीत होतं. मी तारेचं रीळ धरून बसायचे आणि बडबड करायचे, "बास कर आता, उद्या कर." तिच्या हातातली सुरी मात्र काढून घेतली नाही. भावोजींवर राग काढणं सोपं होतं, म्हणून मी वर्षभर तेच केलं.

दिवसाला एक, फार तर दोन. भावोजींनी उकरलेली माती पाहिली तर, "गवत काढतेय" म्हणून सांगायची. तीन आठवड्यांत अठ्ठावीस तारा झाल्या. शेवटच्या दिवशी तिने स्वतः कथलाचे डाग दिले. पंचवीस वर्षं नवऱ्याला डाग देताना पाहिलं होतं, हात जळाला तो एकदाच. बुंध्याभोवतीच्या तांब्याच्या कड्याला अठ्ठावीस टोकं एकाशेजारी एक बसली. कडेला उभं राहून ती त्याच्याकडे बघत राहिली. इतकं कौतुकाने तिने स्वतःच्या दागिन्यांकडेही कधी पाहिलं नाही.

रविवारी पाच वाजता तिने सांगितलं. भावोजी बाहेर जाऊन बघून आले, संच लावला, मीटर लावला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. तळाशी झोपलेला काटा उठला आणि वर येऊन थांबला.

"बघ!" भावोजी ओरडले. "बघ काय केलंस! चांगला होता तो बिघडवून ठेवलास. परत येतंय सगळं. संच जळला म्हणजे?"

ताई म्हणाली, "एकदा बोलून तर बघा. अर्ध्या तासाने तो येईल."

"काटा दिसत नाही का तुला?"

ते कटर घेऊन अंगणात गेले. ताई मागच्या पायरीवर उभी होती. त्यांनी उकिडवं बसून एकेक टोक तोडलं. अठ्ठावीस वेळा कट्, कट्. जुन्या चार ठेवल्या. आत येऊन मीटर पाहिला, काटा तळाशी. त्यांनी सुस्कारा सोडला. साडेपाचला ढब्बू आला, पक्ष्यांच्या पिल्लांबद्दल बोलला, आणि मग म्हणाला, "आई, अजून रागावलीस का गं?" ताईने बटण दाबलं आणि म्हणाली, "नाही रे राजा." त्याला काही ऐकू आलं नाही. एकदा बोलून बघितलं असतं तर काय गेलं असतं, हे मी नंतर भिंतीला हजार वेळा विचारलं आहे.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी, ताई कपडे वाळत घालताना खाली बसली आणि उठली नाही. शेजारणीने पाहिलं. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

हवामान खात्यामार्फत ढब्बूला तार गेली. बोटीला अजून दोन महिने होते. तो येऊ शकत नव्हता.

रविवारी कॅप्टन भेटायला आले. ते मुलीकडे फ्लॅटमध्ये राहायला गेले तेव्हा त्यांनी आपला संच देऊन टाकला होता. पायांनी अधू झाल्यापासून घराबाहेरही फार पडत नसत. अंगणात खुर्ची टाकून बसले. त्यांनी अँटेनाच्या बुंध्याकडे पाहिलं. "या एवढ्या तारा पुरल्यात, आणि जोडल्या का नाहीत?"

भावोजी म्हणाले, "तिने पुरल्या होत्या. जोडल्यावर काटा वर चढला, म्हणून तोडल्या."

"चढणारच," कॅप्टन म्हणाले. "चढायलाच हवा. आधी परत काही येत नव्हतं, कारण जमीन गिळत होती. आकाशात जात होतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? मातीत जात होतं सगळं. तारा घातल्या, गिळणं थांबलं, की थोडं परत येतंच. एवढ्याशाने संचाला काही होत नाही. काट्याने तुम्हाला खरंच सांगितलं हो. तुम्ही उलटं वाचलंत."

मला वाटलं होतं भावोजी वाद घालतील. ते उठून आतून डाग द्यायची कांडी घेऊन आले आणि बुंध्यापाशी मांडी घालून बसले. एकेक तार मातीतून बोटाने उकरायची, टोक चाकूने खरवडायचं, कड्याला जोडायचं. एकेका तारेला तीन-तीनदा डाग द्यावा लागला. कॅप्टन म्हणाले, "दहा जोडल्यात तरी आज चालेल." भावोजींनी ऐकलं नाही. सगळ्या अठ्ठावीस जोडल्या. मी मदत केली नाही. दारात उभी राहून बघत होते, आणि मनात जे येत होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साडेपाचला आम्ही तिघं संचासमोर बसलो. काटा वरच होता. भावोजींनी मीटरवर रुमाल टाकला.

ढब्बूचा आवाज आला. बसलेला, जाड आवाज. "बाबा, तार मिळाली. तुम्ही ऐकताय हे माहीत आहे. मला... मला काय बोलायचं ते कळत नाहीये. ओव्हर."

भावोजींनी बटण दाबलं. "ढब्बू, मी बोलतोय."

खरखर झाली, आणि मग, "बाबा? बाबा, ऐकू येताय तुम्ही! स्वच्छ येताय, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखे! काय केलंत? तारा घातल्या का? ओव्हर."

"घातल्या. तुझ्या आईने घातल्या. अठ्ठावीस."

"आईने? कधी?"

"दीड महिना झाला."

पलीकडे तो हिशेब करत असावा.

"मग तेव्हा ऐकू का नाही आलात? पाच-सहा रविवार गेले की मधे. मी दर वेळी विचारत होतो. ओव्हर."

भावोजींना खोटं बोलता आलं असतं. कोणाला कळलं नसतं, मीही गप्प राहिले असते कदाचित. पण त्या माणसाला खोटं कधी जमलंच नाही, याचं श्रेय मी त्यांना द्यायलाच हवं. "मी तोडल्या होत्या," ते म्हणाले. "मला वाटलं तिने बिघडवलं. बोलूनसुद्धा पाहिलं नाही. आज जोडल्या. माझं चुकलं रे."

भावोजी पुन्हा बटण दाबायला गेले. कॅप्टननी हाताने थांबा अशी खूण केली. मग ढब्बू अगदी हळू बोलला. "आई रागावली होती का हो? एवढंच सांगा. ओव्हर."

भावोजींनी बटण दाबलं. ढसाढसा रडत त्यांनी माइक माझ्यापुढे धरला. बटणावर त्यांचं बोट तसंच दाबलेलं होतं.

ताईचा आणि माझा आवाज सारखा. फोनवर आमची आईसुद्धा फसायची. मला ते त्या क्षणी सुचलं नाही. ताई दर रविवारी जे म्हणायची तेच माझ्या तोंडून निघालं, तिच्याच शब्दांत.

"नाही रे राजा. मुळीच नाही."

भावोजींचं बोट बटणावरून सुटलं.

"आई?" ढब्बू म्हणाला.

एकच शब्द. आणि मग त्याचं त्यालाच उमगलं असावं.

"मावशी, तू आहेस होय," तो म्हणाला. "ओव्हर."

मी भावोजींच्या हातातून माइक घेतला आणि हो म्हटलं.